वंशव्याधींचा शोध व डॉक्टर नोशीर वाडिया

वऱ्हाडच्या दक्षिण सीमेवर, पैनगंगेच्या अलीकडच्या अंगास, उमरखेड हें यवतमाळ जिल्ह्यांतील तालुक्याचें गांव आहे. अशा गांवांतून प्रत्येक घराण्याची प्रकृति लोकांस तोंडपाठ असते. अमक्यांच्या घरीं केस लवकर पिकतात, तमक्यांकडे गळा गोड असतो, तिसऱ्यांकडचे पुरुष साठीच्या आंत जातात, हें सांगण्यास डॉक्टर लागत नाहीं. ओट्यावर गहूं निवडीत बसलेली कोणतीहि वृद्ध बाई तें सांगूं शकते. परंतु क्वचित् एकादें घर असें असतें कीं, त्याच्याविषयीं लोक मोठ्यानें बोलत नाहींत. आजोबांचे पाय चाळिशींत लटपटूं लागले, पुढें जीभ जड झाली व शेवटीं कित्येक वर्षें ते बाजेवर पडून गेले. मुलाचें तेंच झालें, आणि तेंहि थोडें अगोदर. आतां नातू तिशीच्या आंत आहे, आणि परवां आठवड्याच्या बाजारांत तो तोल जाऊन पडला. हें घर उमरखेडांतच आहे असें नव्हे. तें पैनगंगेच्या पलीकडे असेल, कोंकणांत असेल, किंवा मुंबईच्या एकाद्या चाळींतहि असेल.

या रोग्याच्या वांट्यास प्रथम येते ती दया नव्हे, निंदा येते. पाय फांकवून, झोंके खात चालणारा व शब्द ओढून बोलणारा मनुष्य पाहिला, कीं पाहणारा म्हणतो, "दुपारींच घेऊन आला!" ज्यानें जन्मांत दारूस स्पर्श केला नाहीं, अशा माणसास या एका समजुतीपायीं नोकरी गमवावी लागते व सोयरीकहि मोडते. निंदेनंतर मग दैवाची पाळी येते. कोणी पूर्वजानें नाग मारल्याचें सांगतात, कोणी भाऊबंदांच्या करणीवर बोट ठेवतात. माहूरच्या रेणुकेस नवस होतात. यांत हंसण्यासारखें कांहींच नाहीं. एकाच घरांत पिढ्यान् पिढ्या एकच दुखणें कां यावें, या प्रश्नास जोंपर्यंत दुसरें उत्तर नव्हतें, तोंपर्यंत लोकांनीं आपल्या परीनें उत्तर शोधलें, इतकेंच. दुसरें उत्तर शोधण्याच्या कामीं ज्या थोड्या हिंदी वैद्यांनीं आपलें आयुष्य वेंचलें, त्यांत मुंबईचे डॉक्टर नोशीर होरमसजी वाडिया यांचें नांव अग्रभागीं येतें.

त्यांच्या कार्याकडे वळण्यापूर्वीं, या विद्येचा पाया कोठें घातला गेला तें पाहिलें पाहिजे. मस्तकाच्या मागील भागांत, मोठ्या मेंदूच्या खालीं, लहान मेंदू असतो. हातपाय हलविण्याचा हुकूम तो देत नाहीं. पण दिलेला हुकूम किती जोरानें व किती वेळांत पार पडावा, याचें माप तो ठेवतो. तो झिजूं लागला म्हणजे शक्ति राहते, परंतु माप जातें. पेला उचलण्यास गेलेला हात पेल्याच्या पलीकडे जातो. पाऊल टांकावें तेथें पडत नाहीं. जर्मनींतील हायडेलबर्ग येथील प्राध्यापक निकोलाउस फ्रीडरिक यांनीं १८६३ पासून अशा रोगाचें एक रूप वर्णिलें. त्यांत मातापितरें निरोगी असून भावंडांपैकीं कित्येकांना लहानपणींच रोग जडत असे. तीस वर्षांनीं, १८९३ मध्यें, पारिसच्या पिएर मारी यांनीं दाखविलें कीं, दुसऱ्या कांहीं कुटुंबांत रोग प्रौढपणीं येतो व तो आईबापांकडून सरळ मुलांकडे उतरतो.

या दोहोंच्या मध्यें, १८७२ सालीं, अमेरिकेंतील जॉर्ज हंटिंग्टन या बाविशींतल्या डॉक्टरानें आपल्या गांवाकडील एका विचित्र अंगविक्षेपाच्या रोगावर लहानसा निबंध लिहिला. त्याचे वडील व आजोबा दोघेहि त्याच भागांत वैद्यकी करीत असत. एकीकडे रोग्यांच्या पिढ्या व दुसरीकडे त्यांना पाहणाऱ्या वैद्यांच्या तीन पिढ्या, असा हा योग होता. म्हणूनच रोग आईबापांपैकीं एकास असल्याखेरीज मुलास होत नाहीं, व एका पिढींत सुटला तर पुढें पुन्हां उगवत नाहीं, हें तो तरुण इतक्या ठामपणें लिहूं शकला. मेंडेलचा वाटाण्यांवरील निबंध १८६६ मध्येंच छापला गेला होता, परंतु तो वाचलेला मनुष्य वैद्यकांत तेव्हां कोणी नव्हता. मेंडेलचे नियम १९०० सालीं पुन्हां उजेडांत आले, तेव्हां हंटिंग्टनचीं घराणीं त्या नियमांत चपखल बसलीं.

हे सर्व रोगी युरोप-अमेरिकेंतील होते. आमच्या इकडील वैद्यकाचे विद्यार्थी त्यांच्याच कथा पाठ करीत, आणि इकडचा रोगी समोर आला म्हणजे त्यास त्या पुस्तकांतील कोणत्या तरी नांवाच्या कप्प्यांत बसवीत. तो नीट बसला नाहीं, तर दोष पुस्तकास न देतां रोग्यास देण्याची रीत होती.

नोशीर वाडिया यांचा जन्म १९२५ सालीं सुरत येथें एका पारशी कुटुंबांत झाला. मुंबईच्या १८४५ सालीं स्थापन झालेल्या ग्रँट मेडिकल कॉलेजांतून ते डॉक्टर झाले व पुढील शिक्षणासाठीं लंडनला गेले. तेथें त्यांना सर रसेल ब्रेन हे गुरु लाभले. मेंदूच्या रोगांवरील या तज्ज्ञाचें आडनांवच इंग्रजींत मेंदू या अर्थाचें असावें, आणि ते ज्या नियतकालिकाचे संपादक होते त्याचेंहि नांव 'ब्रेन' असावें, हा योगायोग त्या काळीं लंडनांत विनोदाचा विषय झाल्यावांचून राहिला नसेल. विलायतेंतच राहून तेथें स्थिर होणें वाडिया यांस अवघड नव्हतें. परंतु १९५७ सालीं ते मुंबईस परतले आणि आपल्या जुन्या कॉलेजांत व त्याला जोडलेल्या जे. जे. इस्पितळांत त्यांनीं मज्जासंस्थेच्या रोगांचा स्वतंत्र विभाग उभा केला.

त्या वेळीं ही विद्या भारतांत अगदीं नवी होती. या विषयाच्या वैद्यांची अखिल भारतीय संस्था १९५१ सालीं निघाली होती. तज्ज्ञ हाताच्या बोटांवर मोजण्याइतके होते. मेंदूचें आंतील चित्र दाखविणारें यंत्र जगांतच कोठें नव्हतें. रबरी हातोडी, स्वरकांटा, टांचणी, विजेरी दिवा आणि स्वतःचे डोळे, एवढींच साधनें. मात्र एका गोष्टीची वाण नव्हती. जे. जे. सारख्या सरकारी इस्पितळांत देशाच्या कानाकोपऱ्यांतून, पैसा नसलेले, दुसरीकडे आशा संपलेले रोगी येत, आणि बहुधा एकटे येत नसत. आई, भाऊ, चुलता, कोणी तरी बरोबर असे. विलायतेंतील डॉक्टरास रोग्याची वंशावळ जुळविण्यासाठीं पत्रें पाठवावीं लागत. येथें अर्धी वंशावळ बांकावरच बसलेली असे. तिच्याकडे पाहण्याची दृष्टि मात्र असावयास हवी होती.

या दृष्टीचें पहिलें मोठें फळ दुसऱ्याच एका रोगांत दिसलें. १९१२ सालीं लंडनच्या किनिअर विल्सन यांनीं एक आनुवंशिक व्याधि वर्णिली होती. तींत शरीरास तांबें बाहेर टाकतां येत नाहीं. तें यकृतांत व मेंदूंत सांचतें. हात कांपतात, बोलणें बिघडतें, स्वभाव बदलतो, आणि डोळ्यांच्या बुबुळाच्या कडेस हिरवट-तपकिरी कडें उमटतें. भारतांत हा रोग फारसा नसावा असा समज होता. वाडिया यांनीं आपले सहकारी, मेंदूच्या विकृतींचे गाढे अभ्यासक डॉक्टर दाराब दस्तूर यांच्याबरोबर त्याचा माग घेतला. १९६८ सालीं दस्तूर, मंघानी व वाडिया या तिघांनीं सोळा भारतीय कुटुंबांतील या व्याधीचें भौगोलिक, आनुवंशिक व वैद्यकीय वर्णन प्रसिद्ध केलें.

या रोगाची अनुवंशाची चाल निराळी आहे. तो होण्यास आई व बाप या दोघांकडूनहि दोष यावा लागतो. एकच दोष घेऊन जन्मलेला मनुष्य निरोगी राहतो व आपण कांहीं वाहून नेत आहों याचा त्याला पत्ताहि नसतो. अशा दोघांचा विवाह झाला, तर प्रत्येक अपत्यास चारांत एक इतका धोका असतो. नात्यांत विवाह झाला म्हणजे एकाच पणज्याचा दोष दोन्ही बाजूंनीं येऊन मिळण्याचा संभव वाढतो. आपल्या समाजांत मामाच्या मुलीवर भाच्याचा हक्क मानण्याची चाल कित्येक जातींत आहे. तिचा हा एक हिशेब जमेस धरण्यासारखा आहे. परंतु या व्याधींत समाधानाची एक गोष्ट होती. १९५६ सालीं इंग्लंडांतील जॉन वॉल्श यांनीं तांबें शरीराबाहेर काढणारें पेनिसिलमाइन हें औषध पुढें आणलें होतें. म्हणजे वेळीं ओळखला तर हा आनुवंशिक रोग आटोक्यांत येत होता. आजारी मुलाबरोबर आलेल्या, अद्याप खेळत्या-बागडत्या लहान भावंडाची तपासणी करणें ही केवळ संशोधकाची हौस राहिली नाहीं. तीवर त्या भावंडाचें आयुष्य अवलंबूं लागलें. वंशावळ जुळविणें हेंहि औषधच आहे, हें येथें प्रथम स्पष्ट झालें.

आतां तोल जाणाऱ्या घराण्यांकडे वळावयास हरकत नाहीं.

मनुष्य पुस्तक वाचतो तेव्हां त्याची नजर ओळीवरून सरळ सरकत जाते, असें वाटतें. पण तें खरें नाहीं. ती बेडकासारखी उड्या मारते. एका शब्दावर थांबते, पुढच्या शब्दावर झेप घेते, ओळ संपली कीं डावीकडे मोठी उडी घेते. दर सेकंदास तीन-चार अशा झेपा होतात, आणि एकेक झेप सेकंदाच्या दशांशाहूनहि कमी वेळांत पुरी होते. बाजारांत कोणी हांक मारली म्हणजे मान वळण्यापूर्वीं डोळे तेथें पोंचतात ते याच झेपेनें. नजरेची दुसरीहि एक गति आहे. आकाशांतील घारीमागून डोळे संथपणें फिरतात ती. या दोन गतींचीं केंद्रें मेंदूंत निरनिराळीं आहेत. आणि वैद्य डोळे तपासतो तेव्हां काय करतो? बोट समोर धरून हळूहळू डावीकडे-उजवीकडे नेतो, व रोग्याचे डोळे बोटामागून गेले कीं 'ठीक' असें लिहून पुढें जातो. म्हणजे घारीमागची गति तपासली जाते. बेडकाची उडी राहून जाते.

वाडिया यांच्या विभागांत लहान मेंदूच्या झिजेचे जे आनुवंशिक रोगी येत, त्यांपैकीं कांहींच्या पाहण्यांत एक चमत्कारिक गोष्ट आढळूं लागली. त्यांना बाजूस पाहण्यास सांगितलें तर डोळे झेप घेत नसत. तेलांतून मणी खालीं जावा तसे सावकाश सरकत. झेप साधत नाहीं म्हणून असा रोगी अनेकदां पापण्या मिटतो, मान आधीं वळवितो व नजर मागून आणतो. डोळ्यांच्या स्नायूंत अर्धांग नसे, दृष्टि शाबूत असे. गेलेली असे ती फक्त चपळाई. याच रोग्यांत गुडघ्यावर हातोडी मारल्यावर उडणारा पाय पुष्कळदां उडत नसे, म्हणजे मेंदूबाहेरील मज्जातंतूहि झिजत होते. आणि मुख्य म्हणजे, हें सर्व एकाच घरांतील रोगी माणसांत सारखेंच आढळे. फ्रीडरिकचा रोग हा नव्हे, कारण येथें आईबापांपैकीं एकजण रोगी असे. मारींच्या वर्णनाशीं तो थोडा जुळे. परंतु मारींच्या कप्प्यांत पुढील लोकांनीं इतकीं निरनिराळीं घराणीं कोंबलीं होतीं कीं, त्या कप्प्यास अर्थच उरला नव्हता.

१९७१ सालीं वाडिया व त्यांचे सहकारी आर. के. स्वामी यांनीं 'ब्रेन' या नियतकालिकांत निबंध प्रसिद्ध केला. नऊ कुटुंबांच्या आधारानें त्यांनीं सांगितलें कीं, नजरेची गति मंद असलेला हा आनुवंशिक झिजेचा एक नवाच प्रकार आहे. 'नवा' हा शब्द त्यांनीं मथळ्यांतच घातला. मुंबईच्या सरकारी इस्पितळांतील डॉक्टरानें, जुन्या कप्प्यांत न बसणाऱ्या रोग्यांस घेऊन, शंभर वर्षांच्या युरोपीय वर्गीकरणास तुमचा कप्पा अपुरा आहे असें लंडनांत सांगणें, यास धैर्य लागतें. तें धैर्य हुशारींतून आलेलें नव्हतें. नऊ घरांतील माणसांचे डोळे पुन्हां पुन्हां पाहिल्यानें आलें होतें. याच वर्षाच्या ऑक्टोबरांत लंडनच्या एका इस्पितळांत जिवंत माणसाच्या मेंदूचें पहिलें संगणकीय चित्र यंत्रानें काढलें. यंत्राचें युग सुरू होण्याच्या अगदीं उंबऱ्यावर, नुसत्या नजरेनें लागलेला हा एक मोठा शोध आहे.

योग असा कीं, त्याच १९७१ सालीं मुंबईंत डोळे येण्याची मोठी सांथ आली. हीच सांथ कलकत्त्याकडे लोकांनीं 'जय बांगला' या नांवानें ओळखली. डोळे आठ दिवसांत बरे होत, म्हणून कोणी फिकीर करीत नसे. परंतु डोळे बरे झाल्यावर कांहीं दिवसांनीं पाय लुळे पडलेले लोक वाडिया यांच्याकडे येऊं लागले. पोलिओसारख्या दिसणाऱ्या या पक्षाघाताचा त्या सांथीशीं संबंध आहे, हें त्यांनीं इराणी व कात्रक या सहकाऱ्यांसह १९७२ सालीं 'लॅन्सेट' पत्रांत दाखवून दिलें. हा रोग आनुवंशिक नव्हे, तेव्हां तो येथें विस्तारानें सांगण्याचें कारण नाहीं; पण बांकावर बसलेल्या रोग्यास 'महिनाभरांत डोळे आले होते काय?' हा साधा प्रश्न विचारण्याची बुद्धि ज्याला होते, त्याच मनुष्यास 'तुमच्या वडिलांची नजर कशी होती?' हेंहि विचारावेंसें वाटतें.

मंद नजरेच्या त्या रोगाचें पुढें काय झालें? वाडिया यांनीं त्यावरील लेखन चालूं ठेविलें, व हा प्रकार भारतांत विरळा नाहीं हें ते सांगत राहिले. परंतु रोगाचें मूळ हाताशीं लागत नव्हतें. तें मिळण्यास सूत्र मिळालें तें अगदीं निराळ्याच टोकास, क्यूबा बेटाच्या पूर्वेस, ओल्गीन प्रांतांत. तेथील ऊंसाच्या मुलुखांत याच तऱ्हेचा रोग कित्येक कुटुंबांत दाट पसरलेला होता, आणि तेथेंहि नजर मंद होती. त्या कुटुंबांच्या रक्तावरून १९९३ सालीं दोषाचें स्थान बाराव्या गुणसूत्रावर असल्याचें ठरलें. १९९६ सालीं अमेरिका, फ्रान्स व जपान येथील तीन पथकांनीं एकाच वेळीं तें जनुक हुडकून काढलें. रोगास 'एस. सी. ए. दोन' असें क्रमांकाचें नांव पडलें.

दोष कसला, हें पोथीच्या दृष्टांतानें सांगतां येईल. जुन्या काळीं पोथ्या हातानें नकलून काढीत. एकाद्या पानावर एकच अक्षरसमूह ओळीनें वीस-बावीस वेळां आला असेल, तर नकलणारा लेखक चुकतो. कोठें आलों हें विसरून दोन-चार वेळां अधिक लिहून जातो. पुढचा लेखक तीच चुकलेली प्रत समोर ठेवून नकलतो व आणखी चुकतो. या जनुकांत सी, ए, जी या तीन अक्षरांची जोडणी निरोगी माणसांत बहुधा बावीस वेळां असते. ती तेहतीस-चौतीसच्या पुढें गेली कीं रोग संभवतो. रोग्यांत ती चाळिशीच्या आसपास आढळते. ओळ जितकी लांब, तितका रोग लवकर. आणि बापाकडून मुलाकडे जातांना ती विशेष लांबते. आजोबांस चाळिशींत, बापास पस्तिशींत व नातवास तिशीच्या आंत कां, या गांवच्या ओट्यावरील प्रश्नाचें हें उत्तर आहे. आपल्याकडील बायाबापड्यांनीं पाप पिढीगणिक वाढतें असें म्हटलें होतें. वाढत होती ती नकलेंतील चूक.

जनुक सांपडलें तेव्हां वाडिया सत्तरी ओलांडून गेले होते. सरकारी नोकरी मागेंच संपली होती. जसलोक इस्पितळांत ते मज्जासंस्थेच्या विभागाचे प्रमुख होते. पंचवीस वर्षांपूर्वीं आपण ज्याला नवा म्हटलें, तो रोग आतां दुसऱ्यांच्या क्रमांकानें ओळखला जाणार, याचें वैषम्य एकाद्यास वाटलें असतें. वाडिया यांनीं मात्र नवी विद्या उचलली. लंडनच्या सूझन चेंबरलेन यांनीं १९८८ सालीं फ्रीडरिकच्या रोगाचें स्थान नवव्या गुणसूत्रावर ठरविलें होतें. त्यांच्या व इतर सहकाऱ्यांच्या साह्यानें वाडिया यांनीं सहा भारतीय घराण्यांची जनुकीय तपासणी केली, आणि १९९८ सालीं तिचा निबंध पुन्हां 'ब्रेन' मध्यें छापला. हीं घराणीं एस. सी. ए. दोनचीं होतीं, व रोग ओळखण्यांत मंद नजरेचें महत्त्व किती, हा त्या निबंधाचा मुख्य मुद्दा होता. एकाच नियतकालिकांत एकाच मनुष्यानें सत्तावीस वर्षांच्या अंतरानें आपल्याच निरीक्षणास मुळापर्यंत पोंचविलेलें पाहण्याचा योग वैद्यकाच्या इतिहासांत वारंवार येत नाहीं.

मुंबईंत अशी कामगिरी करणारे ते एकटेच नव्हते. बाँबे हॉस्पिटलांत डॉक्टर बी. एस. सिंघल यांस अगरवाल समाजांतील कांहीं मुलें एकाच ठशाचीं दिसूं लागलीं. पहिल्या वर्षांतच डोकें बेसुमार मोठें होई, चालणें उशिरां येई, पुढें हळूहळू तोल जाई व झटके येत. मेंदूचें चित्र इतकें भयंकर असे कीं, हें मूल बसूं तरी कसें शकतें असा प्रश्न पडावा. आणि मूल तर समोर बसून बोलत असे. हें वर्णन त्यांनीं १९९१ सालीं परिषदेपुढें ठेविलें व १९९६ मध्यें विस्तारानें छापलें. दरम्यान १९९५ सालीं हॉलंडांतील मार्यो व्हान् डेर क्नाप या विदुषींनीं तशींच आठ मुलें वर्णिलीं, आणि जगांत रोग त्यांच्या नांवानें चालूं झाला. २००१ सालीं त्याचें जनुक बाविसाव्या गुणसूत्रावर मिळालें, आणि २००४ सालीं अगरवाल रुग्णांत एकच एक चूक असल्याचें प्रसिद्ध झालें. म्हणजे कोणे एके काळीं एका पूर्वजाच्या ठायीं झालेली ती चूक समाजाबरोबर देशभर पसरली होती.

यांत त्या समाजास कमीपणा मानण्याचें कारण नाहीं. जो समाज शतकानुशतकें आपसांतच विवाह करतो, त्याच्या प्रत्येकाच्या तिजोरींत असा एकादा खोटा रुपया असतोच. फिनलंडच्या लोकांत आहे, यहुद्यांत आहे, आपल्याहि जातीजातींत आहे. कोणाचा सांपडला व कोणाचा अद्याप सांपडावयाचा आहे, एवढाच भेद.

परंतु सांपडल्यानंतर पुढें काय, हा प्रश्न सोपा नाहीं. विल्सनच्या रोगास औषध आहे. तेथें तपासणी न करणें हाच अपराध ठरेल. मोठ्या डोक्याच्या मुलांच्या रोगांत आईबापांस पुढील अपत्याचा धोका गर्भावस्थेंतच जाणून घेतां येतो. गर्भाची लिंगपरीक्षा १९९४ च्या कायद्यानें वर्ज्य केली, तरी अशा आनुवंशिक व्याधींसाठीं नोंदलेल्या केंद्रांत तपासणी करण्यास त्याच कायद्यानें वाट ठेविली आहे. लहान मेंदूच्या झिजेचें तसें नाहीं. तो रोग थांबविणारें औषध आजवर सिद्ध झालेलें नाहीं. व्यायामानें चालणें कांहीं काळ सांवरतां येतें, गिळण्याची काळजी घेतां येते, पडण्याचे प्रसंग टाळतां येतात, इतकेंच. अशा वेळीं रोग्याच्या पंचविशींतील निरोगी मुलीस रक्ताच्या एका थेंबावरून तिचें भविष्य सांगावें काय? तिच्याकडे तो दोष आलेला असण्याचा संभव निम्मा आहे. हंटिंग्टनच्या रोगाची खूण १९८३ सालीं मिळाली, तेव्हां सर्वांस वाटलें कीं त्या घराण्यांतील लोक तपासणीसाठीं रांगा लावतील. प्रत्यक्षांत बहुतेकांनीं न जाणण्याचाच मार्ग पत्करला. म्हणून नियम असा पडला कीं, अजाण मुलांची तपासणी करावयाची नाहीं. प्रौढाची करावयाची ती त्याला सर्व समजावून, त्याच्या इच्छेनें, आणि उत्तर ऐकण्यास तो नाहीं म्हणाला तर तेंहि मान्य करून.

आपल्याकडे यांत आणखी एक अडचण आहे. विलायतेंत हा प्रश्न एका व्यक्तीचा असतो. येथें तो सबंध घराचा होतो. एका मुलीचें उत्तर फुटलें तर तिच्या चुलतबहिणींचीं स्थळें परततात. त्यामुळें कुटुंबांतील वडील माणसें वंशावळ सांगतांनाच एक-दोन नांवें गाळतात. चुलता 'पडून गेला' म्हणतात, कसा पडला तें सांगत नाहींत. वंशव्याधींवर काम करणाऱ्या वैद्यास यासाठीं रसायनशास्त्राइतकेंच घरच्या बोलण्यांतील मौन ओळखतां यावें लागतें. आणि ज्या घरास खरें कारण कळतें, त्या घरास निदान करणीच्या संशयानें भाऊबंदांशीं वैर धरावें लागत नाहीं, आणि चालतांना झोंके खाणाऱ्या माणसास दारूडा म्हणून घेण्याची पाळी येत नाहीं. औषध नसलें तरी हें थोडें नव्हे.

वाडिया यांनीं आपला सर्व अनुभव एका मोठ्या ग्रंथांत गोळा केला. भारतीय रोग्यांच्या दृष्टीनें मज्जासंस्थेच्या विकारांचें विवेचन करणारा त्यांच्या संपादनाखालील हा इंग्रजी ग्रंथ २००५ सालीं निघाला. २०१२ सालीं भारत सरकारनें त्यांस पद्मभूषण हा सन्मान दिला, आणि २०१६ सालीं मुंबईंत त्यांचें देहावसान झालें.

जनुकाची तपासणी आतां मोठ्या शहरांतील प्रयोगशाळांत होते. पण कोणती तपासणी करावयाची, हें अगोदर ठरवावें लागतें, कारण तोल जाण्याचे असे रोग आज क्रमांकानें चाळिसांच्या पुढें गेले आहेत व प्रत्येक तपासणीस पैसा पडतो. उमरखेडकडचा रोगी नांदेडास जावो वा दूर नागपुरास, जाणता डॉक्टर त्याच्यासमोर खुर्ची ओढून बसतो, एक बोट डावीकडे व एक उजवीकडे धरतो, मान न हलवितां या बोटाकडून त्या बोटाकडे पाहण्यास सांगतो, आणि नजर झेप घेते कीं सरकते, हें न बोलतां पाहत राहतो.